एका गुडघ्यापायी
(दोंडाईचा येथील क्रीडावैद्यक परिषदेतील स्वागताध्यक्षीय भाषण)



सुरत-भुसावळ लोहमार्गावरील ज्या गावाची ओळख, मिरचीचा हंगाम सुरू झाला म्हणजे, उतारूच्या घशाला स्थानकातच पटते, त्या दोंडाईच्यात स्वागत समितीच्या वतीने मी आपले मनःपूर्वक स्वागत करतो. मी वैद्य नव्हे. शाळेच्या मैदानावर पस्तीस वर्षे शिट्टी वाजवलेला व्यायामशिक्षक आहे, आणि हे पद मी स्वीकारले ते एका मुलाच्या गुडघ्यापायी.

तालुक्याच्या कबड्डी सामन्यात चढाईस गेलेल्या त्या मुलाचा घोटा कोपरारक्षकाने घट्ट धरला, धड मात्र मध्यरेषेकडे वळले, आणि गुडघ्यातून आलेला ‘कट्’ असा आवाज मला रेषेबाहेर ऐकू आला. आम्ही पाय ओढला, तेल चोळले, बांबूच्या कामट्या बांधल्या. आणि सूज ओसरताच, पुढची फेरी तोंडावर आली असल्याने, मीच त्याला पुन्हा मैदानात उतरवले. गुडघा पुन्हा सरकला. पुढे तो जिना उतरतानाही सरकू लागला. लिगामेंट तुटल्यावर वेदना शमते, पण सांध्याचा भरवसा उरत नाही, आणि दर वेळी सरकताना आतील कूर्चेची गादी फाटत जाते, हे मला उमगले तेव्हा त्याचे खेळण्याचे वय निघून गेले होते.

१९५२ साली हेलसिंकीत कुस्तीचे कांस्यपदक जिंकून स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून देणारे गोळेश्वरचे खाशाबा जाधव पुढच्या ऑलिंपिकला मुकले, तेही गुडघ्याच्या दुखापतीनेच. जपानी शल्यविशारद मासाकी वातानाबे यांनी तोक्योत दुर्बिणीतून पाहत गुडघ्यातील फाटलेल्या कूर्चेचा तुकडा काढला तो १९६२ साली. आणि १९६४ च्या ऑलिंपिकसाठी कॅनडाच्या चमूचे वैद्य म्हणून तेथे गेलेल्या रॉबर्ट जॅक्सन यांनी ती विद्या त्यांच्यापाशी शिकून आपल्या मुलुखात नेली. खाशाबांच्या गुडघ्याला ती काही वर्षे उशिराची ठरली, याची हळहळ मला आजही वाटते.

आज मुंबईचे डॉ. दिनशॉ पारडीवाला यांची कारकीर्द पाहावी. मे २०१९ मध्ये त्यांनी नीरज चोप्राच्या उजव्या कोपरावर शस्त्रक्रिया केली, आणि ७ ऑगस्ट २०२१ रोजी त्याच हाताने तोक्योत ८७.५८ मीटर भाला फेकून सुवर्णपदक आणले. डिसेंबर २०२२ मधील मोटार अपघातात ऋषभ पंतच्या गुडघ्यातील लिगामेंट तुटली, ती त्यांनी जानेवारीत दुरुस्त केली, आणि मार्च २०२४ मध्ये पंत पुन्हा यष्ट्यांमागे बसला. त्याच वर्षी पॅरिस ऑलिंपिकमध्ये भारतीय पथकाचे मुख्य वैद्यकीय अधिकारी तेच होते. परंतु अशा शल्यविशारदाची खरी कसोटी, माझ्या मते, शस्त्रक्रियेच्या मेजावर लागत नाही. मांडीमागची स्नायुरज्जू काढून सांध्यात बसवली, तरी तिला लिगामेंटचे रूप येण्यास महिनेच्या महिने जातात. आणि पहिल्या काही महिन्यांत, खेळाडूला आपण ठणठणीत बरे झालो असे वाटत असते नेमके तेव्हाच, ती सर्वांत नाजूक असते. त्या वेळी खेळाडू, संघचालक आणि घरची माणसे एकमुखाने घाई करीत असताना ‘अजून नाही’ असे निक्षून सांगणे, हीच या विद्येतील सर्वांत अवघड शस्त्रक्रिया होय. ते दोन शब्द मला त्या दिवशी उच्चारता आले नाहीत.

मुंबईचा मेज आमच्या मुलांपासून लांब आहे. पण गुडघा हाताने तपासणारा डॉक्टर आणि मुलाला थांबवणारा शिक्षक तालुक्यातच घडू शकतो, या भावनेने ही परिषद येथे भरवण्याचा आग्रह आम्ही धरला. मुक्कामाच्या व भोजनाच्या तजविजीत काही न्यून राहिले असल्यास आपण ते पोटात घालावे. उद्या सकाळी सात वाजता मैदानावर प्रात्यक्षिक आहे. तो मुलगा आता चाळिशी ओलांडलेला शेतकरी आहे, आणि आपल्या खो-खो खेळणाऱ्या मुलीला घेऊन तो येणार आहे. तिचे गुडघे धड आहेत. उडी मारल्यावर गुडघे आत न वळवता जमिनीवर कसे उतरावे, हे आपण तिला शिकवावे, अशी माझी विनंती आहे.