एकाच टाटपट्टीवर
(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



'प्राथमिक शाळेतील समानता' या विषयावर बोलायला खरे तर एखादा शिक्षक बोलवायला हवा होता. मी रुळांचा माणूस. डिप्लोमा करून रेल्वेत लागलो, त्याला वीस वर्षे उलटली. पण शाळेत मीही होतो आणि आज माझी मुलगी आहे, एवढ्याच अधिकाराने चार शब्द बोलतो.

वडील भिलाईच्या कारखान्यात नोकरीला आले. घरात फक्त मराठी. पहिलीत गुरुजी म्हणाले, "चेष्टा करो बेटा." मला वाटले, थट्टा करायला सांगताहेत. मी शेजारच्या मुलाला वेडावून दाखवले आणि पाठीत धपाटा खाल्ला. बडे गुरुजी प्रार्थनेनंतर रोज सांगत, "शिक्षा सबको मिलनी चाहिए." ते ऐकून मला तर घामच फुटायचा! हिंदीत शिक्षणालाच शिक्षा म्हणतात, हे कळायला कित्येक महिने गेले. आज तुमच्यासारखेच मलाही हसू येते. पण तेवढे दिवस मी वर्गातला 'ढ' होतो.

आज त्या जागी छत्तीसगढी बोलणारे पोर बसते. घरी 'मोर', 'तोर' म्हणणारे ते लेकरू वर्गात 'मेरा', 'तेरा' म्हणताना अडखळते आणि आपण त्याला 'देहाती' म्हणून मोकळे होतो. छत्तीसगढीला राजभाषेचा दर्जा देणारे विधेयक विधानसभेने २८ नोव्हेंबर २००७ रोजी मंजूर केले. वर्गात मात्र ती अजून दाराबाहेर चपला काढल्यासारखी ठेवून यावी लागते.

शाळेत नाव घालणे वेगळे आणि वर्गात बसवून घेणे वेगळे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत सातारच्या शाळेबद्दल लिहिले आहे. हजेरीत नाव होते, पण बसायचे कोपऱ्यात, वेगळ्या गोणपाटावर. ते गोणपाट संध्याकाळी घरी न्यायचे आणि सकाळी परत आणायचे. तहान लागली तर नळ शिपायाने सोडायचा. शिपाई नाही तर पाणी नाही. शाहू महाराजांना हे दुखणे नेमके कळले होते. १९१७ साली त्यांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले, पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांच्याच शाळेत घेण्याचा हुकूम काढला.

आपल्याकडे २००९ चा शिक्षण हक्क कायदा आला. खाजगी शाळांत पहिल्या वर्गाच्या २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतील मुलांना मिळू लागल्या. अशीच एक मुलगी माझ्या मुलीच्या वर्गात आली. तिची आई चार घरची धुणीभांडी करते. वर्गाच्या बाईंनी तिला पुढच्या बाकावर बसवले आणि रोज दहा मिनिटे तिच्याशी छत्तीसगढीत बोलून धडा समजावू लागल्या. पालकांत कुजबुज सुरू झाली, हा पक्षपात आहे, या मुलांची तुकडी वेगळी करा. अर्ज तयार झाला. त्यावर तिसरी सही माझी होती.

घरी मुलगी म्हणाली, "बाबा, ती माझा हात धरून बसते. मग मीपण दुसऱ्या तुकडीत जाऊ?" मला उत्तर सुचले नाही.

दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर एका वळणावर गँगबरोबर मोजमाप घेत होतो. सरळ मार्गावर आम्ही दोन्ही रूळ एका पातळीत ठेवतो. वळणावर मात्र बाहेरचा रूळ मुद्दाम उचलतो. ब्रॉडगेजवर ही उंची १६५ मिलीमीटरपर्यंत जाऊ शकते. वळणावरही दोन्ही रूळ सारखेच ठेवले, तर वेगात आलेली गाडी बाहेरच्या रुळावर रेटते. आणि ही उंची एकदम देताही येत नाही, वळणाच्या आधीपासून थोडी थोडी वाढवत न्यावी लागते. बाई रोजच्या दहा मिनिटांत तेच करत होत्या. आतल्या रुळावर अन्याय झाला, असा अर्ज माझ्याकडे आजवर कोणी आणला नाही!

शाळेत जाऊन मी सही मागे घेतली. बाईंनी काही विचारले नाही, फक्त पेन पुढे केले. बाकी सह्या तशाच राहिल्या. काही पालकांनी माझ्याशी बोलणे सोडले, त्यातले दोघे आज याच मंडपात बसले आहेत. त्यांना माझा नमस्कार. तुकडी मात्र वेगळी झाली नाही.

आता एक विनंती. आपल्या चित्रकला स्पर्धेच्या फॉर्मवर 'फक्त सभासदांच्या पाल्यांसाठी' अशी ओळ आहे. फॉर्म दरवर्षी मीच छापून आणतो, ती ओळ मला कधी खटकली नाही. मुलीने यंदा मैत्रिणीसाठी फॉर्म मागितला, तेव्हा पहिल्यांदा नीट वाचली. पुढच्या वर्षी ती गाळून छापायची परवानगी कार्यकारिणीने द्यावी. कागद आणि रंगपेट्यांचा वाढीव खर्च माझ्याकडे.