बायकांनी उभं केलेलं नाटक



आज बचत, हप्ते, व्याज यातलं काही बोलणार नाही. आज एका मालिकेबद्दल सांगणार आहे, आणि तीही कोरियन. आपल्या कॉलेजात जाणाऱ्या मुली मोबाईलवर कोरियन मालिका बघतात आणि आपण विचारतो, "अगं, भाषा तरी कळते का?" पण ही मालिका आपल्यासारख्या बायकांची आहे. म्हणून मुद्दाम सांगते.

मालिकेचं नाव 'जंगन्यनी'. जंगन्यन हे तिच्या नायिकेचं नाव. दक्षिण कोरियात 2024 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तिचे बारा भाग दाखवले आणि लोकांनी त्या डोक्यावर घेतल्या. गोष्ट 1956 सालची. तीन वर्षं चाललेलं युद्ध संपून तेव्हा तीनच वर्षं झालेली. मोकपो नावाच्या बंदराच्या गावी जंगन्यन राहते. आई बाजारात मासळी विकते. मोठी बहीण आहे. मुलीचा गळा असा, की ती बाजारात गायला लागली की गिऱ्हाईक आपोआप गोळा होतं.

आता ती गाते ते काय, हे सांगायला हवं. कोरियात 'पान्सोरी' नावाचा एक प्रकार आहे. आपलं कीर्तन डोळ्यांसमोर आणा. उभं राहून गाणारा एकच माणूस, हातात पंखा, बाजूला बसलेला ढोलकवाला. गाणाराच गोष्ट सांगतो, गाणी म्हणतो, राजाही तोच होतो आणि राणीही तोच. ढोलकवाला मधूनमधून शाबासकी देतो, ऐकणारेही दाद देतात. एकेक गोष्ट कित्येक तास चालते. आज अशा पाचच जुन्या कथा गायल्या जातात. त्यांतली एक चुनह्यांगची. गाणाऱ्या-नाचणाऱ्या बाईच्या पोटी जन्मलेली ही मुलगी. गावचा नवा अधिकारी तिला म्हणतो, माझी सेवा कर. ती नाही म्हणते. फटके खाते, तुरुंगात जाते, पण ऐकत नाही. दुसरी कथा सिमचंगची. आंधळ्या बापाला दृष्टी यावी म्हणून ती तीनशे पोती तांदळाच्या बदल्यात स्वतःला खलाशांना विकते. बघा, कथा बायकांच्या, आणि कितीतरी काळ गाणारे मात्र सगळे पुरुष.

पुढे बायका गायला लागल्या. पण त्यांना शिकायला जागा कुठली? बहुतेकींना कलावंतिणी जिथे तयार होत, तिथेच शिकावं लागे. म्हणजे गळा कितीही मोठा असला, तरी लोकांच्या नजरेत ती मैफिलीत पुरुषांची करमणूक करणारी बाई. आपल्याकडच्या तमाशातल्या बायकांना लोक काय काय बोलत आले, ते आपण ऐकलंय. वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

मग 1948 साली काय झालं? गाण्याच्या मोठ्या संस्थांमध्ये पुरुषांचं चाले. पार्क नोक-जू, किम सो-ही अशा नामवंत गायिका तिथून बाहेर पडल्या आणि त्यांनी फक्त बायकांची संस्था काढली. पहिलं नाटक केलं ते चुनह्यांगच्याच कथेवर. त्याला फार यश आलं नाही. तरी थांबल्या नाहीत. पुढच्या वर्षी 'सूर्य आणि चंद्र' अशा अर्थाच्या नावाचं नाटक आणलं आणि त्याला तुफान गर्दी झाली. या प्रकाराला नाव पडलं 'यसंग गुकगुक'. यसंग म्हणजे स्त्री. गाणं, नाच, संवाद, तलवारबाजी, भारी भारी कपडे, आणि रंगमंचावर सगळ्या बायका. राजकुमारही बाई, सेनापतीही बाई, खलनायकही बाईच.

आपल्याकडे बालगंधर्वांनी पुरुष असून बायकांच्या भूमिका केल्या, आणि त्यांचं नेसणं-सवरणं बघून बायका शिकत. तिथे हे बरोब्बर उलट. इम चुन-एंग नावाची नटी राजकुमाराची कामं करायची. ती त्या काळची सगळ्यांत मोठी तारका. बघायला येणाऱ्यांत बायका आणि शाळकरी मुली भरपूर. एका चाहतीनं तर आपल्या लाडक्या नटीला नवरदेवाच्या वेशात शेजारी उभं करून लग्नाचा फोटो काढून घेतला होता.

हसू येतं, पण जरा विचार करा. युद्धात घरं गेलेली, माणसं गेलेली. त्या काळात ज्या बायका तिकीट काढून येत, त्यांना रंगमंचावर काय दिसत होतं? मान वर करून चालणारी, हुकूम देणारी, लढणारी बाई. आणि तो सगळा खेळ बायकांनी स्वतः चालवलेला. मला वाटतं, त्यासाठीच त्या येत होत्या.

आता मालिकेकडे येते. जंगन्यन असं नाटक पहिल्यांदा बघते आणि तिला वेड लागतं. आई मात्र ऐकत नाही. गाण्याचं नाव काढायचं नाही, म्हणते. पोरीला कोठीत कोंडते. बहीण कुलूप काढून तिला पळून जाऊ देते. जंगन्यन सोलला जाते, मेरान नावाच्या नाटक कंपनीत शिकाऊ म्हणून लागते. तिथे जमिनीवर झोपणं, झाडलोट, मोठ्यांची बोलणी, आपसातली असूया, सगळं आहे. तिच्या तोडीची यंगसो नावाची मुलगी आहे. श्रीमंत घरची, आई पाश्चात्त्य गाणं गाणारी, आणि तिला मुलीचं हे नाटक हलकं वाटतं. म्हणजे एकीची आई गाऊ देत नाही आणि दुसरीची आई मोजत नाही. या दोघींची स्पर्धा चांगली दाखवली आहे. एकमेकींना पाण्यात बघता बघता त्या एकमेकींना पुढे नेतात.

आई विरोध का करते, ते हळूहळू कळतं. ती मासळीवाली एके काळी गाजलेली बालगायिका होती. गळा बिघडला आणि सगळं संपलं. तिनं नाव बदललं, गाव बदललं, आणि मुलींनाही सांगितलं नाही. आपल्यातल्या किती आया अशा असतील! कबड्डी खेळायच्या, भारुड म्हणायच्या, लग्नानंतर पेटीत घडी करून ठेवलं आणि लेकीला कधी बोलल्या नाहीत.

पुढे जंगन्यनवरही तीच वेळ येते. मोठी भूमिका मिळावी म्हणून ती डोंगरातल्या गुहेत जाऊन दिवसरात्र गाते, कुणाचं ऐकत नाही, आणि निवडीच्या वेळी तिच्या तोंडातून रक्त येतं. गळा फाटतो. ती घरी परत येते. ज्या आईनं तिला कोंडून ठेवलं होतं, तीच आई एका पहाटे तिला समुद्रकाठी घेऊन जाते आणि इतक्या वर्षांनी तिच्यासमोर गाते. सिमचंगच्या कथेतलं गाणं, बापाच्या आठवणीचं. त्या फाटक्या आवाजात. तिचं सांगणं असं, की गळा भरलेला नसला तर जी जागा रिकामी आहे ती दुसऱ्या गोष्टीनं भरायची. मैत्रिणींनो, मी खालची अक्षरं वाचत वाचत बघत होते. त्या प्रसंगाला वाचायची गरज पडली नाही.

ही भूमिका करणारी किम ते-री गेली काही वर्षं कोरियातली मोठी नटी आहे. या मालिकेसाठी ती जवळजवळ तीन वर्षं पान्सोरी शिकली. दुसऱ्या कुणाचा आवाज लावून भागलं असतं, पण तिनं तसं केलं नाही.

आता शेवटाचं सांगते, कारण आपल्या कामाचं तिथेच आहे. कंपनीचा सगळा डोलारा राजकुमाराची कामं करणाऱ्या एका तारकेवर उभा असतो. ती सिनेमात निघून जाते. प्रेक्षक कमी होतात, पैसा आटतो, एकेक मुलगी सोडून जाते, वास्तू विकायची वेळ येते. तरी उरलेल्या जणी शेवटचं नाटक करतात, आणि मन लावून करतात.

खऱ्या इतिहासातही असंच झालं. 1950 च्या दशकात भर होता. 1960 च्या दशकात सिनेमा आणि टीव्हीनं प्रेक्षक ओढले. याच काळात सरकारनं जुन्या कला जपायचा कायदा केला. पान्सोरीला 1964 साली राष्ट्रीय वारसा म्हणून मान मिळाला. ज्यांना हा मान मिळाला त्यांना सरकारी आधार मिळाला, शिष्य मिळाले. बायकांचं हे नाटक त्या यादीत आलं नाही. ते ना जुनं धरलं गेलं, ना नवं. ज्या नाटकाला एवढी गर्दी होत होती, ते दहा-पंधरा वर्षांत विस्मरणात गेलं. काही कलावतींनी म्हातारपणापर्यंत ते धरून ठेवलं, थोड्या तरुण मुली त्यांच्याकडून शिकल्या, म्हणून धागा तुटला नाही. आणि ही मालिका आल्यावर लोक पुन्हा विचारायला लागले, की या बायका होत्या तरी कोण?

मी दहा वर्षं गटांबरोबर काम करते. पापड-मसाल्याचा गट जोरात चालतो, आणि पुष्कळदा तो एकाच ताईच्या जिवावर चालतो. तिलाच बँकेतलं कळतं, तिलाच व्यापारी ओळखतात, मसाल्याचं प्रमाण तिच्याच डोक्यात. तिची लेक बाळंतपणाला आली किंवा ती आजारी पडली की गट बसला. शेवटी इतिवृत्ताच्या वहीत एवढंच उरतं, की "गट बंद". कुणी काय केलं, कसं केलं, कुठेच लिहिलेलं नसतं. आणि जे लिहिलेलं नसतं, ते यादीत कोण घेणार?

म्हणून माझी विनंती आहे. पुढच्या मासिक बैठकीत कर्जवाटप झाल्यावर अर्धा तास काढा. पहिलं, तुमच्या गटाचा इतिहास वहीत लिहा. पहिली बैठक कुणाच्या ओट्यावर झाली, पहिलं कर्ज कुणी घेतलं आणि कशासाठी. सगळ्यांची पूर्ण नावं लिहा, नुसतं "अमक्याची आई" नको. दुसरं, जे काम एकीलाच येतं, ते आणखी दोघींना शिकवायचं ठरवा, आणि कोण शिकवणार, कोण शिकणार, तेही लिहा. तिसरं, बैठकीतल्या वयस्कर बायांना विचारा, "आत्या, तुम्ही लग्नाआधी काय करत होता? काय गात होता?" ओव्या येत असतील, भलरी येत असेल, तर मोबाईलवर आवाज भरून ठेवा. शेजारी लेकीसुनांना बसवा.

त्यांचा आवाज आता पूर्वीसारखा नसेल. हरकत नाही. त्यांना गाऊ द्या.