संगणकावरचा हिशोब आणि बँकेचा उतारा

आता बऱ्याच शेतकरी गटांचे हिशोब संगणकावर लिहिले जातात. बेरीज-वजाबाकी संगणक चोख करतो. पण आपली शिल्लक आणि बँकेतली शिल्लक यांचा मेळ बसतो की नाही, हे पाहणे आपल्याच हाती आहे.

समजा, महिनाअखेर गटाच्या हिशोबात 48,600 रुपये शिल्लक आहेत आणि बँकेच्या उताऱ्यात 60,482. जास्त दिसले म्हणून खर्च करून बसू नका. खतवाल्याला दिलेला 12,000 रुपयांचा चेक त्याने अजून बँकेत भरलेला नाही. शिवाय बँकेने कापलेले 118 रुपये आपण लिहिलेले नाहीत. ते लिहिले की खरी शिल्लक 48,482. उद्या तो चेक आला आणि खात्यात पैसे नसले, तर चेक परत जातो, दंड बसतो, आणि दुकानातली पतही जाते.

म्हणून हिशोबाच्या प्रणालीत पुढील गोष्टी सुरुवातीलाच ठरवून घ्या.

1. जुळणीची तारीख : उताऱ्यावरची शेवटची तारीख घाला. ‘ग्नूकॅश’ या मोफत प्रणालीत नेहमी आजची तारीख घेण्याची सोय आहे. उतारा जुना असेल तर ती बंद ठेवा.

2. आपोआप खूण : नुसती रक्कम सारखी दिसली म्हणून खूण होऊ देऊ नका. दोघा सभासदांचे 2,500 रुपये एकाच दिवशी जमा होऊ शकतात. नाव व तारीख पाहून स्वतः खूण करा.

3. व्याज व शुल्क : जुळणीआधी व्याजाची नोंद विचारण्याची सोय चालू ठेवा. बँकेचे शुल्क उताऱ्यात पाहून लिहा.

4. फरक : फरक शून्य झाल्याशिवाय जुळणी पूर्ण करू नका. ‘किरकोळ फरक’ म्हणून खोटी नोंद घालून मेळ बसवाल, तर चूक तशीच दबून राहील.

5. जुळलेली नोंद : ती बदलताना इशारा मिळाला पाहिजे. इशारा बंद करू नका.

आता तुम्ही म्हणाल, एवढा वेळ कुणाला आहे? पण बघा, दर महिन्याला जुळणी केली तर पाच-पन्नास नोंदी तपासायच्या. वर्षाने केली तर ढीगभर. चेकची मुदत तीन महिन्यांची असते. तेवढ्यात तो वटला नाही, तर ज्याला दिला त्याला विचारा. आणि हिशोब लिहिणारा एक, पडताळणारा दुसरा, असे ठेवा. त्यात अविश्वास नाही; गटाचा पैसा दोघांच्या नजरेखालून जातो एवढेच.