तो ऐकत नाही, असं नाही

(धडगाव परिसरातील अंगणवाडी ताई, वसतिगृहातील कर्मचारी आणि पालक यांच्या बैठकीत केलेलं भाषण)

भाकरी भाजल्याचा वास इथपर्यंत येतोय, म्हणून फार लांबवत नाही. पण सुरुवात माझ्या एका चुकीपासून करते.

काही वर्षांपूर्वी मी एका वसतिगृहात काम करत होते. तिथं पहिलीत एक मुलगा होता. त्याचं नाव सांगत नाही, त्याच्या पाड्यावरची माणसं इथं बसली आहेत. नाताळच्या कार्यक्रमाची तालीम चालू होती. वर पत्रे, खाली साठ मुलं, ढोलकी, टाळ्या. हा कानांवर हात ठेवून रांगेतून पळायचा. दोनदा मी त्याला ओढून आणलं. तिसऱ्यांदा तो माझ्या मनगटाला कडकडून चावला. मी त्याला धान्याच्या खोलीत ढकललं आणि बाहेरून कडी लावली. अर्ध्या तासानं दार उघडलं तेव्हा तो दोन पोत्यांच्या मधे बसून ज्वारीचे दाणे या हातातून त्या हातात सोडत होता. रडत नव्हता. बाहेर यायलाही तयार नव्हता. मला वाटलं, किती निगरगट्ट पोरगं! मी दिलेली शिक्षा ही त्याला त्या दिवसात मिळालेली एकच विश्रांती होती, हे कळायला मला पुढं तीन वर्षं लागली. कोंडणं ही चूकच होती, त्यात शंका नाही. पण त्याला हवी होती ती शांत जागाच, फक्त दार उघडं असलेली.

या अवस्थेला ऑटिझम म्हणतात, मराठीत स्वमग्नता. हा मराठी शब्द मला पुरता पटत नाही. स्वमग्न म्हणजे स्वतःत बुडालेला. हे मूल मात्र पुष्कळदा बाहेरच्या आवाजानं, उजेडानं, गर्दीनं इतकं भरून गेलेलं असतं, की त्याला कुठंतरी आडोसा हवा असतो. मेंदूची घडणच वेगळी असते, आणि ती लहानपणापासून असते. ती संसर्गानं पसरत नाही. ती बरी करणारी गोळी नाही. कुणी विकत असेल तर पैसे देऊ नका. पण शिकवल्यानं, सवयीनं, आपण थोडं बदलल्यानं त्या मुलाचं जगणं पुष्कळ सोपं होतं.

त्या मुलाच्या आईकडं मी गेले तेव्हा तिनं आधीच सगळं करून झालं होतं. बडव्याकडं दोनदा कोंबडं, एकदा बोकड. आणि आपल्या लोकांनीही तिला सोडलं नव्हतं. एका प्रार्थनासभेत तिला विचारलं गेलं, घरात कुणाचं पाप लपलंय? योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात शिष्य जन्मांध माणसाबद्दल हेच विचारतात, पाप कुणाचं, याचं की आईबापाचं? प्रभू दोन्ही उत्तरं बाजूला सारतो. पदविकेच्या परीक्षेसाठी तो अध्याय मी पाठ केला होता. त्या बाईच्या ओसरीवर बसेपर्यंत तो मला समजला नव्हता.

आणि हे फक्त अडाणीपणातून होतं असं समजू नका. १९४३ मध्ये अमेरिकेत लिओ कॅनर या डॉक्टरांनी अशा अकरा मुलांचं वर्णन लिहिलं. त्यानंतर कितीतरी वर्षं शिकलेसवरलेले लोक म्हणत राहिले, की आईच्या थंड वागण्यानं मूल असं होतं. ते खोटं ठरलं. १९९८ मध्ये एका लेखात गोवराच्या लशीशी याचा संबंध जोडला गेला. २०१० मध्ये त्या मासिकानं तो लेख मागं घेतला. म्हणून लस चुकवू नका. गोवरानं मूल दगावतं.

आता अंगणवाडी ताईंसाठी. आपल्याकडं मूल बोललं नाही की आपण म्हणतो, घरी पावरी बोलतात, इथं मराठी, येईल हळूहळू. बहुतेक मुलांच्या बाबतीत ते खरंही असतं. म्हणूनच खरी अडचण त्यात लपून जाते. तेव्हा पावरीतच तपासा. आईनं घरच्या बोलीत हाक मारली तर वर्षाचं मूल वळून बघतं का? दीड वर्षाचं झाल्यावर बोट दाखवून 'ते बघ' असं सांगतं का? नुसतं मागण्यासाठी नाही, दाखवण्यासाठी. आधी येणारे शब्द गेले का? चाक फिरवत, खडे ओळीत लावत तासन् तास बसतं का? एकच खूण दिसली म्हणून घाबरून जाऊ नका, पण दोन-चार दिसल्या तर वाटही बघू नका. आधी कान तपासून घ्यायचे, कारण ऐकू न येणाऱ्या मुलाचंही असंच दिसू शकतं. वर्षातून दोनदा आरबीएसकेचं पथक अंगणवाडीत येतं, त्यांच्यासमोर त्या मुलाला मुद्दाम उभं करा. त्या दिवशी नेमकं ते मूल घरी असतं, हा माझा अनुभव आहे. आई लाजते, ठेवून घेते.

वसतिगृहातल्या दादा-ताईंनो, एका वेळी एकच गोष्ट सांगा, थोडक्यात. 'हात धू.' मग थांबा. मनात दहा मोजा. उत्तर यायला त्याला वेळ लागतो, आणि आपण तोवर तीनदा ओरडलेलो असतो. 'माझ्या डोळ्यांत बघ' असा आग्रह नको. खाली बघूनही तो ऐकत असतो. दिवसाचा क्रम चित्रांनी भिंतीवर लावा : ताट, पाटी, चेंडू, अंथरूण. क्रम बदलणार असेल तर आदल्या दिवशी सांगा. तो फक्त पांढरा भातच खातो म्हणून उपाशी ठेवून वळण लावायला जाऊ नका. भाताशेजारी डाळीचा एक घास ठेवा, रोज ठेवा. कधीतरी बोट लावेल.

होळीचं काय करायचं, असं मला नेहमी विचारतात. आपल्या होळीला ढोल रात्रभर वाजतात, आणि त्या मुलाला घरी एकटं टाकून जाणं हाही अन्यायच. लांबच्या टेकाडावर बसवा. कानाला मफलर बांधा. उठायची खूण ठरवा. त्यानं ती केली की उठायचं, मग नाच कितीही रंगलेला असो.

सगळ्यात अवघड दिवाळीनंतर होतं. तुम्ही ऊसतोडीला गुजरातेत जाता. नवी झोपडी, नवी माणसं, रात्री-अपरात्री ट्रक. मोठ्या माणसालाही ते सोसत नाही. या मुलाचं शिकलेलंसुद्धा तिथं गळून पडतं. जाऊ नका असं मी कोणत्या तोंडानं सांगू? उचल घेतलेली असते. पण त्याची ताटली, त्याची गोधडी न्या, आणि झोपडीत ती रोज एकाच कोपऱ्यात ठेवा. आजी गावात राहत असेल तर त्याला तिच्याजवळ ठेवता येईल का, बघा. आणि शर्टाच्या आत कापडावर फोन नंबर लिहून शिवा. ही मुलं न सांगता चालायला लागतात, आणि पुष्कळदा पाण्याकडं जातात. कठडा नसलेली विहीर, कालवा, नर्मदेचं फुगलेलं पाणी. ते ऐकून हाकेला ओ देतीलच असं धरून चालू नका.

कागदांचं थोडक्यात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार आहेत, त्यात स्वमग्नता आहे. एका दवाखान्यात मला तोंडावर सांगितलं गेलं, 'हातपाय चांगले आहेत, दाखला कशाचा?' त्या आईची नंदुरबारची फेरी फुकट गेली आणि दिवसाची मजुरीही. आता मी कायद्याची प्रत पिशवीत ठेवते. दाखला मिळाला की निरामय योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा मिळतो. अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. 'आमच्याकडं सोय नाही' म्हणून शाळेनं परत पाठवलं तर मला सांगा.

तो मुलगा आता सोळा वर्षांचा आहे. फार बोलत नाही. महू वेचायला आईबरोबर जातो, आणि त्याच्या टोपलीत एकही काडी-पान नसतं. परवा मी गेले तर त्यानं माझ्याकडं पाहिलंही नाही, पण माझ्यासाठी खाट ओढून दिली. ती मी स्वतः ओढायला गेले, तेव्हा तो रागावला.

ज्यांच्या मुलांचे दाखले राहिले आहेत, त्यांनी जेवणानंतर थांबा. आधार कार्ड, रेशन कार्ड आणि मुलाचे दोन फोटो असतील तर आज अर्ज भरू. फोटो नसतील तरी थांबा. आणि मूल आणलं असेल तर मागची खोली मोकळी ठेवली आहे, दार उघडंच आहे.