अर्धवट ऑपरेशन



काळीज म्हटलं की आपल्याला हृदय आठवतं. पण मटणाच्या दुकानात कलेजी मागा, दुकानदार यकृतच तोलून देईल. आज बोलायचंय ते या काळजाबद्दल. उजव्या बरगड्यांच्या आड बसलेला हा सुमारे दीड किलोचा अवयव. मिनिटाला जवळपास दीड लिटर रक्त त्यातून वाहतं. मधासाठी चढलेला माणूस झाडावरून पडला, ट्रॅक्टर उलटला, रानडुकरानं धडक दिली, की हा अवयव फाटू शकतो. बाहेरून कधीकधी साधं खरचटलेलंही नसतं.

‘जरा पडून राहतो’ म्हणतो माणूस, आणि तिथंच घात होतो. उजवा खांदा दुखू लागतो, तहान तहान होते, गार घाम सुटतो, पोट ताठरतं. पोट चोळू नका, पाणी पाजू नका. १०८ला फोन करा.

नाडी आणि रक्तदाब स्थिर असतील तर बहुतेकदा पोट उघडावंच लागत नाही. दवाखान्यात नजरेखाली ठेवलं की यकृत आपलं आपण भरून येतं. रक्तदाब कोसळत असेल तर मात्र उघडावंच लागतं. यकृताकडे जाणारा रक्तवाहिन्यांचा जुडगा आधी चिमटीत धरायचा. ग्लासगोच्या जेम्स हॉगार्थ प्रिंगल यांनी १९०८मध्ये ही युक्ती लिहून ठेवली. त्यांनी ऑपरेशन केलेले रुग्ण वाचले नाहीत. चिमटी मात्र आजही कामी येते.

मग टाके? मऊ खव्याला टाका घालून पाहा. म्हणून यकृताच्या वर-खाली कापडी मॉप दाबून बसवायचे. चिरेत कोंबायचे नाहीत, ती आणखी उसवते. सगळं एकाच बैठकीत दुरुस्त करायला गेलं तर रोगी गार पडतो, रक्त गोठेनासं होतं. त्यापेक्षा पोट तात्पुरतं झाकायचं, ऊब द्यायची, रक्त द्यायचं आणि दोन-तीन दिवसांत मॉप काढायचे. फिलाडेल्फियाच्या सर्जनांनी १९९३मध्ये या सबुरीला आरमारातलं नाव दिलं, ‘डॅमेज कंट्रोल’. भोक पडलेलं जहाज आधी बंदराला लावा, डागडुजी मागाहून.

मला तर हे अर्धवट ऑपरेशन आपल्याच मुलखासाठी शोधल्यासारखं वाटतं. गडचिरोलीतल्या भामरागडहून नागपूर तीनशे किलोमीटरच्या पलीकडे. पर्लकोटा नदीला पूर आला की गावच तुटतं. यकृताचा निष्णात सर्जन तालुक्या-तालुक्यात कुठून आणणार? पण मॉप बसवणारा सर्जन, भूल देणारा डॉक्टर आणि रक्ताच्या पिशव्या एवढं चंद्रपूर-गडचिरोलीत वेळेवर मिळालं, तरी पुढचा रस्ता झेपतो. फक्त रोग्यासोबतच्या कागदावर आत किती मॉप ठेवले तो आकडा ठळक लिहायचा. नागपूरच्या सर्जनला तेवढेच मोजून बाहेर काढायचे असतात.