शर्यतीची तारीख पाण्याला विचारून ठरवा



२०१९ चा ऑगस्ट सांगली-मिरजेकडची माणसं विसरणार नाहीत. आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. गावागावांतून माणसं आणि जनावरं बाहेर काढायचं काम चालू होतं. त्याच दिवसांत केरळातही पावसानं कहर केला होता आणि अलप्पुझा इथली नेहरू ट्रॉफी ही सर्पनौकांची शर्यत पुढे ढकलावी लागली. १० ऑगस्टला व्हायची ती ३१ ऑगस्टला झाली. त्या दिवशी पुन्नमडा तलावाच्या काठावर प्रमुख पाहुणे होते आपले सचिन तेंडुलकर.

तीन आठवड्यांचा उशीर ऐकायला फार वाटत नाही. पण केरळ सरकारच्या पर्यटन खात्यानं त्याच वर्षी चॅम्पियन्स बोट लीग सुरू केली होती. नऊ संघ, बारा शर्यती, बहुतेक शनिवारी एक, प्रत्येक शर्यत वेगळ्या गावी. सुरुवात नेहरू ट्रॉफीनं आणि शेवट कोल्लमला, १ नोव्हेंबरला, म्हणजे केरळ राज्याच्या स्थापना दिनी. पहिली तारीख सरकली आणि पुढच्या अकराही सरकल्या. १ नोव्हेंबरचा मुहूर्त हुकला. शेवट २३ नोव्हेंबरला झाला.

हा हंगाम कशावर उभा असतो ते जवळून पाहायला हवं. सर्पनौका शंभर फुटांहून लांब असते. मागचा भाग नागाच्या फण्यासारखा उंच उचललेला. लाकूड रानफणसाच्या जातीचं. शर्यतीआधी नौकेला माशाचं तेल, करवंटीचा कोळसा आणि अंडी यांचं मिश्रण चोळतात, म्हणजे ती पाण्यावरून सरसर घसरते. आत शंभरावर माणसं. बहुतेकांच्या हाती वल्ही, काही सुकाणूवर, काही गाणारी, आणि मधोमध उभं राहून लाकडी दांडक्यानं फळीवर ठोके देणारे. त्या ठोक्यावर सगळी वल्ही एकाच क्षणी पाण्यात पडली पाहिजेत. ही लय आठ दिवसांत येत नाही. त्यासाठी काही आठवडे शिबिर लागतं. शंभर जणांचा दोन वेळचा भरपेट स्वयंपाक, त्यात मासे, अंडी, दूध. हे लोक एरवी कुणी मच्छीमार, कुणी गवंडी, कुणी रंगारी. शिबिरात आले की मजुरी बुडते, ती नौका उतरवणाऱ्या क्लबनं भरून द्यायची. खर्च लाखांच्या घरात जातो आणि तो बहुतेक वेळा गावाच्या वर्गणीतून उभा राहतो.

आता विचार करा, शर्यत आठ-दहा दिवसांवर आली आहे, शिबिर ऐन रंगात आहे, आणि तारीख रद्द होते. २०२४ साली हेच झालं. ३० जुलैच्या पहाटे वायनाडमध्ये दरड कोसळून गावं गाडली गेली. अशा वेळी १० ऑगस्टची शर्यत घेणं शक्यच नव्हतं, त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. तक्रार वेगळी होती. नवी तारीख लगेच ठरली नाही. संघ अधांतरी राहिले. शिबिर मोडावं तर केलेला खर्च पाण्यात, चालू ठेवावं तर रोजचा खर्च. अखेर २८ सप्टेंबर ठरला. आणि शर्यत किती चुरशीची झाली! कारिचाल नौकेनं वीयापुरम नौकेला ५ सहस्रांश सेकंदांनी मागे टाकलं. चार मिनिटं एकोणतीस सेकंदांच्या झुंजीनंतर एवढाच फरक. निकालावरून वादही पेटला. एवढ्या बारीक फरकासाठी राबणाऱ्या माणसांना ‘बघू, कळवू’ असं सांगणं मला क्रूर वाटतं.

ढकलाढकल काही त्या एका वर्षाची नव्हती. २०१८ च्या महापुरात ११ ऑगस्टची शर्यत थेट १० नोव्हेंबरला गेली होती. ऑगस्टचा दुसरा शनिवार ही तिची ठरलेली तिथी, पण पाऊस ती पाळेना. शेवटी २०२५ साली शर्यत आधीच ३० ऑगस्टला नेली. त्या वर्षी ओणम तेव्हा तोंडावर आलेला होता, पर्यटकही येतात. आधी जाहीर करून बदललेली तारीख आणि आयत्या वेळी ढकललेली तारीख यांत फार फरक आहे. पहिलीला संघ तयारीनिशी येतात.

केरळात सगळ्याच शर्यती अशा हलवता येत नाहीत, हेही खरं. चंपाकुळमची शर्यत मूळ नक्षत्राला होते, आरन्मुळाची उत्तराभाद्रपदेला. त्या देवाच्या शर्यती, नक्षत्राला बांधलेल्या. नेहरू ट्रॉफी मात्र १९५२ साली पंडित नेहरूंच्या भेटीपासून सुरू झालेली. माणसानं ठरवलेला शनिवार माणसानं बदलायला काहीच हरकत नाही.

पाण्याचा प्रश्न फक्त सुरक्षिततेचा नाही, न्यायाचाही आहे. नेहरू ट्रॉफीत प्राथमिक फेऱ्यांमधल्या वेळा पाहून सर्वांत वेगवान चार नौका अंतिम फेरीत जातात. पाण्याला ओढ असेल आणि ती तासातासाला बदलत असेल, तर सकाळच्या फेरीची आणि दुपारच्या फेरीची तुलना कशी करायची? शांत, एकसारखं पाणी ही अशा स्पर्धेची पहिली गरज आहे.

आणि इथं मला आपल्या कृष्णेबद्दल बोलायचं आहे. सांगलीतही स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास होड्यांच्या शर्यती होतात, काठावरच्या गावांचे संघ उतरतात, दोन्ही तीरांवर माणूस मावत नाही. पण ऑगस्टचा मध्य म्हणजे कोयना आणि वारणा ही धरणं भरत आलेली असतात. दरवाजे उघडले की ते पाणी सांगलीला पोचायला वेळ लागतो. त्यामुळे इकडे सकाळी लख्ख ऊन असलं तरी दुपारी नदी चढू शकते. प्रवाहात लाकडं, झाडं वाहून येतात, पुलाच्या खांबांशी भोवरे पडतात. २०१९ च्या पुरात ब्रह्मनाळ गावी बोट उलटली आणि माणसं गेली, हे आपण विसरलेलो नाही. आयर्विन पुलाची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. पण हे आकडे काठावर राहणाऱ्यांसाठी आहेत. होडीला त्याच्या कितीतरी आधी धोका असतो. शर्यतीसाठी वेगळी, खालची खूण हवी आणि ती नावाड्यांनी ठरवायला हवी.

माझं मत असं आहे की पंधरा ऑगस्टला झेंड्याला मानवंदना म्हणून होड्यांचं संचलन करावं, तेही पाणी अनुकूल असेल तरच, आणि शर्यत गणपती विसर्जनानंतर, सोयाबीनची काढणी जोरात सुरू होण्याआधीच्या एखाद्या रविवारी घ्यावी. पितृपक्ष आहे म्हणून कुणी नाक मुरडू नये, शर्यत हे काही लग्नकार्य नव्हे. तारीख ठरवण्याच्या बैठकीतच राखीव रविवारही ठरवून ठेवावा, आणि शर्यत लांबली तर संघांच्या जेवणाखाणाचा बोजा कुणी उचलायचा तेही लिहून ठेवावं.

बैठक मात्र ऑगस्टमध्ये नको, मे महिन्यात घ्या. संयोजकांना, जिल्हा प्रशासनाला आणि पाटबंधारे खात्याला माझी ही विनंती आहे. आणि त्या बैठकीत प्रत्येक गावच्या संघातला, रोज नदीवर असणारा एक तरी नावाडी बसलेला असू द्या.