सर्दी-खोकल्याची डॉक्टर



रायपूरच्या मराठी घरातली मुलगी एम.बी.बी.एस. झाली की चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळात तिचं कौतुक होतं आणि पाठोपाठ प्रश्न येतो, "आता पुढे कशात करणार?" तिनं "बालरोग" म्हटलं, की एखाद्या काकू हमखास म्हणतात, "म्हणजे सर्दी-खोकलाच ना?" आज त्या सर्दी-खोकल्याबद्दलच बोलते.

आधी वर्षांचा हिशेब. साडेचार वर्षं अभ्यास, एक वर्ष इंटर्नशिप, मग नीट-पीजीची चाळणी आणि तीन वर्षांची एम.डी. मध्ये एकही वर्ष वाया गेलं नाही, तर साडेआठ वर्षं. रायपुरातलं जुनं वैद्यकीय महाविद्यालय १९६३ सालचं. त्याच्या रुग्णालयाला सगळं गाव 'मेकाहारा' म्हणतं. टाटीबंधचं एम्स २०१२ मध्ये सुरू झालं. दीड किलोच्या बाळाची शीर शोधणं, प्रत्येक औषध वजनावर मोजून देणं, हे सगळं अशा वॉर्डांत रात्र-रात्र जागून शिकावं लागतं.

खरी परीक्षा मात्र ओपीडीत असते. आमचा पेशंट बोलत नाही. बोलते त्याची आई, आणि इथे ती छत्तीसगढीत बोलते. "का होगे दाई?" असं विचारलं की ती म्हणते, "लइका के पसली चलत हे." पाठ्यपुस्तकात 'पसली' सापडत नाही, तिथे न्यूमोनिया असतो. विदर्भातून इथे आलेली आजी त्यालाच 'डबा' म्हणते. तिन्ही शब्द ज्या डॉक्टरला कळतात, तिचं निम्मं काम झालं.

उरलेलं निम्मं घड्याळ करतं. बाळ आईच्या मांडीवर शांत असू द्यायचं, रडत असेल तर थांबायचं. अंगावरचं झबलं वर करायचं आणि पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणायचं नाही, कारण तान्ह्याचा श्वास एका लयीत चालत नाही. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, वर्षाच्या आत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त श्वास भरले, तर ती साधी सर्दी समजायची नाही. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, तर अजिबात वेळ घालवायचा नाही.

काही धडे मात्र गावच शिकवतं. सहा-आठ महिन्यांच्या बाळाचे हातपाय सुजलेत, हात लावला की ते कळवळतं. घरचे म्हणतात, मुरगळलं असेल, मालिश करू. छत्तीसगडमध्ये किंवा विदर्भात काम करणाऱ्या डॉक्टरच्या मनात इथे पहिल्यांदा सिकलसेल हा रक्ताचा आजार यायला हवा आणि रक्ततपासणीची चिठ्ठी लगेच लिहिली जायला हवी.

आणि एक धडा मितानिनीचा. मितानिन म्हणजे मैत्रीण. २००२ मध्ये, म्हणजे देशात 'आशा' सेविका येण्याच्या आधी, या राज्यात पाड्यापाड्यांवर या बायका आरोग्याचं काम करू लागल्या. आजारी बाळ पहिल्यांदा तीच पाहते. तिनं आणलेल्या मुलाची तिनं सांगितलेली हकीकत मोठ्या डॉक्टरनं लक्ष देऊन ऐकावी. हे कुठल्याही परीक्षेत विचारत नाहीत.

तर काकू, तुमचं बरोबर आहे. आमच्याकडे येणारी बहुतेक मुलं सर्दी-खोकल्याचीच असतात. पण 'ही नुसती सर्दीच आहे, घरी न्या' असं छातीठोकपणे सांगता यावं, म्हणून ती साडेआठ वर्षं लागतात.

श्रोतेहो, घड्याळ तुमच्याही घरात आहे. बाळ खोकत असेल आणि धाप लागल्यासारखं वाटत असेल, तर एक मिनिट श्वास मोजा. आकडा मी सांगितला तितका भरला, किंवा बाळ दूध ओढेनासं झालं, तर ओवा-लसणाच्या शेकावर रात्र काढू नका. तडक दवाखाना गाठा.